रचनाकारांचा मुलूख

गणपतीपुळ्याच्या उत्तरेस, समुद्राला लागून वसलेल्या मालगुंड गावी १८६६ साली कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म झाला, आणि पुढे ‘केशवसुत’ या नावाने त्यांनी मराठी कवितेला नवे वळण लावले, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यांच्या जन्मस्थानी कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या स्मारकाचे उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले, आणि तेव्हापासून हे लहानसे गाव काव्यप्रेमी लोकांचे यात्रास्थान होऊन बसले आहे. या कवीच्या ‘सतारीचे बोल’ या कवितेचा विषय संगीताचा आहे. दुःखाने ग्रासलेल्या एका मनुष्याच्या कानी अंधाऱ्या रात्री कोठून तरी सतारीचे स्वर येतात. प्रथम ते त्याला असह्य होतात, मग हळूहळू त्याच्या मनाची गाठ सैल होत जाते, आणि अखेरीस त्याचा जगाशी पुन्हा समेट होतो. संगीताच्या परिणामाचा इतका सूक्ष्म आलेख मराठी कवितेत त्यापूर्वी क्वचितच कोणी काढला असेल. तथापि सतारीवर वाजत असलेली ती गत मुळात कोणी बांधली, हा प्रश्न कवीने विचारलेला नाही, आणि त्याच्या वाचकांनाही तो आजतागायत पडलेला दिसत नाही.

हे मी न्यून म्हणून सांगत नाही. आपल्या प्रांताच्या रसिकतेचा तो स्वभावच आहे, आणि त्याला इतिहास आहे. हाच श्रोता कावेरीच्या काठी असता, तर वाद्याचे दोन स्वर कानी पडताच कृती त्यागराजांची की मुथुस्वामी दीक्षितांची, हे त्याने आधी ओळखले असते आणि वादक कोण याची चौकशी मागाहून केली असती. रचनाकाराची कीर्ती एका मुलखात घराघरांत नांदते, आणि तोच रचनाकार शेजारच्या मुलखात केवळ जाणकारांच्या ओठी उरतो, याचे कारण रचनेच्या गुणावगुणांत शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. ते शोधावे लागते देवळांत, दरबारांत, रंगभूमीवर, छापखान्यांत, आणि सर्वांत अधिक म्हणजे गायक नसलेल्या सामान्य माणसाच्या तोंडी काय बसले आहे त्यात.

हा प्रकार आपल्याच देशात घडतो असे नाही. हँडेल हा जर्मनीतील हाले गावचा, १६८५ साली जन्मलेला. परंतु त्याचा ‘मेसाया’ प्रथम गायिला गेला तो डब्लिन येथे १७४२ साली, आणि इंग्लंडने त्याला इतके आपले मानले की त्याचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये झाले. मेंडेल्सनच्या ‘एलाय्जा’चा पहिला प्रयोगही जर्मनीत न होता १८४६ साली बर्मिंगहॅमला झाला. या दोघांचा इंग्लंडातील अंमल जो टिकला, तो राजदरबाराच्या आश्रयाने नव्हे. यॉर्कशर-लँकेशरच्या गिरणीगावांतील कामकरी स्त्रीपुरुषांनी हौशी गायकवृंद काढले आणि या रचना वर्षानुवर्षे स्वतःच्या कंठाने गायिल्या, म्हणून तो टिकला. उलट बर्लियोझ या फ्रेंच रचनाकाराची थोरवी त्याच्या मायदेशापेक्षा इंग्लंडने अधिक ओळखली, आणि फिनलंडचा सिबेलियस इंग्लंड-अमेरिकेत डोक्यावर घेतला गेला असता जर्मन मुलखात बराच काळ त्याचे स्वागत थंडेपणानेच झाले. जपानचे उदाहरण तर विलक्षण आहे. पहिल्या महायुद्धात कैद झालेल्या जर्मन सैनिकांनी बांदो येथील छावणीत १ जून १९१८ रोजी बेथोवनची नववी सिंफनी वाजविली. आज त्या देशात वर्षअखेरीस ही सिंफनी ठिकठिकाणी होते, आणि तिच्यातील समूहगान गाण्यासाठी व्यवसायाने गवई नसलेले हजारो नागरिक महिनोन् महिने तालीम करतात. बेथोवन जगभर थोर मानला जातो. परंतु डिसेंबर महिना त्याच्या नावाने ओळखावा, असा परिपाठ जपानने घातला.

आता आपल्या कोकणाकडे वळू. मालगुंडसारख्या गावात वर्षभर जे गायिले जाते त्याची पाहणी केली, तर प्रांताचा सारा स्वभाव त्यात उतरलेला दिसतो. भाद्रपदात घरोघर गणपती बसले की वाडीतील मंडळी टाळ-मृदंग घेऊन एका घरातून दुसऱ्या घरी आरत्या म्हणत जातात. त्यात गणपतीची आरती समर्थ रामदासांची, विठ्ठलाची नामदेवांची. भजनी मंडळात तुकोबांचे अभंग होतात; देवळातल्या उत्सवात कीर्तनकार उभा राहिला की मोरोपंतांच्या आर्या आणि अमृतरायांचे कटाव कानी पडतात. शिमग्यात नमन-खेळे येतात, पावसाळा सरता सरता जाखडीचे फेर धरले जातात, आणि त्यात कलगीवाले शक्तीचा व तुरेवाले शिवाचा पक्ष घेऊन रात्र रात्र सवाल-जबाब करतात. आरतीच्या, अभंगाच्या, जाखडीच्याही शेवटच्या कडव्यात कर्त्याची नाममुद्रा असते. जाखडीच्या शाहिराचा लौकिक चार-दोन तालुक्यांपलीकडे जात नाही, आणि गेलाच तर चाकरमान्यांच्या सामानाबरोबर मुंबईच्या गिरगाव-लालबागेत जातो. परंतु त्या चार तालुक्यांत त्याचे नाव मातब्बर गवयापेक्षा अधिक आदराने घेतले जाते, आणि मला स्वतःला ही कीर्ती मुळीच लहान वाटत नाही. जेथे माणसे स्वतःच्या तोंडाने गातात, तेथे कर्त्याचे नाव गीताबरोबर आपोआप चालत राहते.

मात्र या सर्वांत एक विशेष आहे. नामदेव, रामदास, तुकाराम यांना आपण संत म्हणून, कवी म्हणून ओळखतो. ज्या चालींवर त्यांचे शब्द आपण गातो, त्या चाली कोणाच्या, याची नोंद आपल्या दप्तरी नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी, सिंघण राजाच्या कारकिर्दीत, शार्ङ्गदेव हा राज्याच्या लेखाविभागाचा अधिकारी होता. काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या विद्वानाचा तो नातू. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि त्यात वाग्गेयकाराचे लक्षण सांगताना शब्दरचना म्हणजे मातू व स्वररचना म्हणजे धातू या दोहोंवर ज्याचे सारखे प्रभुत्व त्यालाच उत्तम म्हटले. हे लक्षण आजच्या मराठवाड्याच्या भूमीत लिहिले गेले, आणि त्याला पुरेपूर उतरणाऱ्या पुरुषांची परंपरा मात्र कावेरीच्या खोऱ्यात फुलली. आपल्याकडे मातूचा धनी ठाऊक आणि धातूचा धनी अज्ञात, अशीच वहिवाट पडली.

ख्यालगायनाने ही वहिवाट मोडली नाही, उलट पक्की केली. दिल्लीच्या महंमदशहा बादशहाच्या काळात नियामतखान बीनकार याने ‘सदारंग’ या मुद्रेने शेकडो ख्याल बांधले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, तिच्याबरोबर हे ख्यालही आले, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून पुढे ते देशभर पसरविले तेव्हा मध्यमवर्गातील मुलामुलींच्या वह्यांत हे ख्याल उतरले. त्या मुलामुलींच्या तोंडी सदारंगाचे नाव रोज येते. पण तो पुरुष कोण, कोणत्या राजाच्या पदरी होता, हे त्यांना सहसा कोणी सांगितलेले नसते. ख्यालात चीज ही गवयाच्या विस्ताराची बैठक असते. तिच्यावर उभारलेली इमारत गवयाची, आणि श्रोत्याच्या डोळ्यांत भरते ती इमारत. म्हणून आपण ‘फैयाजखाँचा दरबारी’ म्हणतो, ‘मन्सूरांचा नट’ म्हणतो. घराण्याची शाखा-उपशाखा आपल्या रसिकाला मुखोद्गत असते, आणि चीज बांधणाऱ्याच्या जन्मगावाविषयी तो उदासीन असतो.

रंगभूमीचा इतिहास याहून बोलका आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास झाले. त्यात कीर्तनातील साकी-दिंडी होत्या, लावणीची वळणे होती, आणि अण्णासाहेब मूळचे बेळगाव भागातले असल्यामुळे कानडी पदांच्या चालीही मोकळ्या मनाने घेतल्या होत्या. जुन्या संगीत नाटकांची पुस्तके उघडून पाहावीत: प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गीताचे पहिले शब्द दिलेले आढळतात. चाल कोठून उचलली याची इतकी प्रामाणिक नोंद ठेवणाऱ्या त्या पिढीने चालीच्या जनकाचे नाव मात्र त्या नोंदीत घातले नाही. पुढे खाडिलकरांच्या ‘मानापमाना’ला १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवरा’ला १९१६ साली भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-कजरीचा लडिवाळपणा आणला, भास्करबुवांनी तीन घराण्यांची विद्या पिळून तिचा अर्क पाच-सात मिनिटांच्या पदांत ओतला. आणि महाराष्ट्राने त्या दोघांची कृती एकत्र करून तिला ‘बालगंधर्वांची पदे’ असे नाव दिले.

रत्नागिरीचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १९२४ पासून १९३७ पर्यंत स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि त्या काळात त्यांनी लिहिलेले ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक १९३१ साली दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातील पदांना चाली दिल्या सावंतवाडी संस्थानात जन्मलेल्या रामकृष्णबुवा वझ्यांनी, ज्यांनी विद्येसाठी तरुणपणी उत्तर हिंदुस्थान पायाखाली घातला होता, अनवट रागांचा ज्यांच्यापाशी साठा होता, आणि गवयांच्या दारी सोसलेल्या हालअपेष्टा ज्यांनी स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. ती पदे आजही मैफलीत होतात. ऐकणारा दीनानाथांची तान आठवतो, कोणी सावरकरांचे नाव काढतो. वझेबुवांचे नाव निघालेच तर ते जाणत्यांच्या कोंडाळ्यात निघते. कोकणाच्या मातीतील एवढ्या थोर स्वररचनाकाराची ही उपेक्षा मला मनापासून सलते. १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ला व त्यानंतर ‘कट्यार काळजात घुसली’ला जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिले, तोपर्यंत रेडिओ आणि चित्रपट यांनी संगीत-दिग्दर्शकाचे नाव पुकारण्याची सवय लोकांना लावली होती; म्हणून अभिषेकींच्या वाट्याला जी ओळख आली, ती वझेबुवांच्या आणि भास्करबुवांच्या वाट्याला आली नाही.

आता तंजावरची हकीगत सांगतो, कारण या विषयाचा खरा मर्मभाग तेथे आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर काबीज केले, आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी चालली. या घराण्यातील शाहराजांनी मराठीत व तेलुगूत नाटके रचली, पहिल्या तुळजाजींनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि दुसऱ्या सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, पाश्चात्य वाद्यांचा बँड ठेवला, आणि भोसले वंशाचा मराठी इतिहास १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतींवर कोरविला. सरकारचे दप्तर मोडीत चाले. जमाखर्च, सनदा, इनामे आणि गुणीजनांच्या नेमणुका मराठीत लिहिल्या जात. याच राज्यात, तिरुवारूर येथे, त्यागराज १७६७ साली जन्मले, तिरुवय्यारूला राहिले, आणि १८४७ साली पौष वद्य पंचमीस तेथेच समाधिस्थ झाले. श्यामाशास्त्री आणि मुथुस्वामी दीक्षित हेही त्याच तिरुवारूरचे, त्याच पिढीचे. दाक्षिणात्य संगीताची ही त्रिमूर्ती जन्माने मराठ्यांच्या मुलखातील रयत होती. त्यागराजांचे सारे आयुष्य भोसल्यांच्या चार राजांच्या काळात गेले. आणि तरीही पुण्या-साताऱ्याकडील रसिकाला त्यांचे नाव शंभर वर्षे पोहोचले नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

त्यागराजांनी दरबारचे बोलावणे नाकारले अशी आख्यायिका आहे, आणि ती दक्षिणेत प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितली जाते. त्यांची कीर्ती राजाश्रयाने वाढली नाही. तिला दुसरे आधार होते. वालाजापेट, उमयाळपुरम् आणि तिल्लैस्थानम् या तीन शिष्यपरंपरांनी त्यांच्या कृती जिवापाड जपल्या. सुमारे सातशे कृती आज उपलब्ध आहेत. शब्द आणि स्वर एकाच पुरुषाचे असल्यामुळे एकाला दुसऱ्यापासून तोडता येत नाही. आणि मैफलीचा बहुतेक वेळ कृती गाण्यात जात असल्यामुळे गवयाला रचनाकाराच्या मागेच उभे राहावे लागते. विसाव्या शतकात बंगळूर नागरत्नम्मा या थोर गायिकेने स्वतःचे द्रव्य वेचून तिरुवय्यारूच्या समाधीवर मंदिर उभारले, आणि आज पुण्यतिथीला तेथे शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. त्यांच्या पाठीमागे बसलेला गावकरी, शाळामास्तर, गृहिणी, तीही त्या गात असतात. घरातल्या मुलीला गाणे शिकविताना पहिल्या दोन-तीन वर्षांतच त्यागराजांची कृती तिच्या कंठात बसते. महाराष्ट्रात ज्या वयात मुले गणपतीची आरती पाठ करतात, जवळजवळ त्याच वयात.

उलट दिशेने काय गेले, तेही पाहिले पाहिजे. मराठ्यांच्या राज्याबरोबर रामदासी संप्रदाय दक्षिणेत उतरला. तंजावर व मन्नारगुडी येथे मठ झाले, आणि मठांबरोबर कीर्तन गेले. मेरुस्वामी या रामदासी कीर्तनकाराला त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी मोठा मान होता, आणि त्याच्या आवाजामुळे त्याला ‘कोकिळकंठ’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांचे ढंग पाहून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी दक्षिणेतील हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग, आर्या ही मराठी वृत्ते तमिळ कथेत बसली. पुण्याच्या रंगभूमीवर किर्लोस्कर ज्या साकी-दिंड्या घालीत होते, त्याच त्या सुमारास कावेरीकाठच्या देवळांत घुमत होत्या, ही घटना आमच्या नाट्येतिहासात सहसा नोंदली जात नाही. तमिळ भजनसंप्रदायात नामदेव-तुकारामांचे अभंग आजही गायिले जातात, आणि कर्नाटकी मैफलीच्या अखेरीस अभंगाची फर्माईश होते. गाणाऱ्याची भाषा तमिळ, राग आणि आलंकारिक वळणे तेथील, आणि शब्द देहूचे. तुकोबांचे नाव तेथे पोहोचले, कारण शब्दांबरोबर नाव गेले.

म्हणजे व्यवहार असा झाला: आमच्याकडून शब्द गेले आणि त्यांच्याकडून राग आले. वकिली करीत असताना संगीतशास्त्राच्या ध्यासाने झपाटलेले विष्णु नारायण भातखंडे १९०४ साली दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. मद्रास, तंजावर पाहून ते एट्टयापुरमला सुब्बराम दीक्षितांना भेटले, ज्यांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी बाहेर पडत होता. भातखंड्यांना तेथून व्यंकटमखीची बहात्तर मेळांची योजना मिळाली. व्यंकटमखीच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथाने त्यांच्या विचाराला बळ दिले, आणि उत्तर हिंदुस्थानी रागांचे दहा थाटांत वर्गीकरण करताना ही दृष्टी त्यांच्या उपयोगी पडली. पंडितजींचे ऋण न फिटणारे आहे. त्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग नसते, तर शेकडो चिजा घराण्यांच्या पेटाऱ्यांतच विरून गेल्या असत्या. तथापि दक्षिणेतून त्यांनी शास्त्र आणले, आणि तेथे देवाच्या जोडीने पुजला जाणारा रचनाकार तेथेच राहिला.

गवयांनीही तेच केले. हंसध्वनी, आभोगी, कीरवाणी, चारुकेशी हे राग दक्षिणेतून आले आणि आमच्या मैफलीत रुळले. हंसध्वनीची निर्मिती मुथुस्वामींचे वडील रामस्वामी दीक्षित यांची मानली जाते. मुंबईस भेंडीबाजार घराण्याच्या अमानअलीखाँनी त्या रागात बांधलेली चीज पुढे अनेक मोठ्या गवयांनी गायिली, आणि महाराष्ट्रात हंसध्वनी म्हटले की तीच आठवते. रागाचा जनक कोणाच्या ध्यानी येत नाही. या बाबतीत एक अपवाद मात्र नतमस्तक होऊन सांगावासा वाटतो. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीमखाँ म्हैसूर-मद्रासकडे वारंवार जात. तेथील सरगमचा ढंग त्यांनी आपल्या गायकीत मुरविला, इतकेच नव्हे तर त्यागराजांच्या कृती शब्दांसह शिकून गायिल्या, आणि खरहरप्रिया रागातील एका कृतीची त्यांची तबकडीही निघाली. किराण्यात जन्मलेला मुसलमान गवई, मिरजेचा रहिवासी, तेलुगू रामभक्ताची कृती गातो: असा औदार्याचा क्षण आमच्या संगीतात फार थोड्या वेळा आला. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता सिंगपेरुमाळ कोयिल स्थानकावर खाँसाहेबांनी देह ठेवला. शिष्यांनी त्यांचे आलाप घेतले, सरगम घेतली. त्यागराज मात्र त्यांच्याबरोबर मिरजेच्या मातीत रुजले नाहीत.

मुंबईसारख्या एका शहरातही या सीमा स्पष्ट दिसतात. माटुंगा-शीव भागात दाक्षिणात्य कुटुंबे वसली, १९५२ साली षण्मुखानंद सभा स्थापन झाली, आणि तेथे त्यागराज-दीक्षितांचे उत्सव होऊ लागले. तेथून जवळच्याच दादरला बालगंधर्वांच्या पदांची आणि पुढे भीमसेनांच्या अभंगांची आवड. दक्षिण मुंबईत पारशी घरांतून पियानो आणि व्हायोलिन. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला तो त्याच वातावरणात. गोव्याहून आलेले ख्रिस्ती वादक चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले असत आणि बाख-मोझार्टची पाने डोळ्यांनी वाचून वाजवीत. तीच मंडळी पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झाली. एकाच ट्रामने जाणाऱ्या या माणसांचे थोर रचनाकार निरनिराळे होते. आकाशवाणीने १९५२ पासून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा शनिवारच्या रात्री रत्नागिरीच्या एखाद्या घरातही दाक्षिणात्य गायन ऐकू येऊ लागले. पण ऐकणे वेगळे आणि स्वतःच्या कंठात बसणे वेगळे.

केशवसुतांच्या आयुष्याची अखेर ज्या भूमीत झाली, त्या भूमीचे या विषयात विशेष महत्त्व आहे. मुंबई आणि खानदेशातील फैजपूर येथे नोकऱ्या करून हा कवी १९०४ साली धारवाडच्या हायस्कुलात मराठीचा शिक्षक म्हणून गेला, आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीस प्लेगने त्याचा अंत झाला. त्याच सुमारास अब्दुल करीमखाँचे धारवाड-हुबळीकडे येणे-जाणे सुरू झाले होते. त्यांचे शिष्य कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, मराठी रंगभूमीवर गाजले. मन्सूर गावच्या मल्लिकार्जुनांनी, हुबळीच्या गंगूबाई हनगलांनी, गदगच्या भीमसेन जोशींनी या कानडी प्रदेशाला हिंदुस्थानी गायनाचे माहेर केले. घरी कानडी, दाराशी कर्नाटकी संगीताचा शेजार, आणि तालीम मात्र किराण्याची वा जयपूरची. या भागात दक्षिणोत्तर सीमा गावाच्या वेशीवरून नव्हे, माणसाच्या आतून गेलेली आहे.

भीमसेनांच्या गाण्यात ती मला सर्वांत स्पष्ट दिसते. त्यांनी ‘संतवाणी’ या कार्यक्रमात तुकाराम-नामदेवांचे अभंग महाराष्ट्रभर गायिले, आणि ‘दासवाणी’त पुरंदरदासांची पदे कर्नाटकभर गायिली. पुरंदरदास दक्षिणेत कर्नाटक संगीताचे आद्य गुरू मानले जातात. प्रारंभीचे अलंकार आणि स्वरावळी त्यांच्याच नावावर आहेत. आणि त्यांच्या पदांची नाममुद्रा पंढरीच्या विठ्ठलाची आहे. म्हणजे गवई एक, देव एक. परंतु पुण्यातला श्रोता पुरंदरदासांची फर्माईश करीत नाही, आणि धारवाडच्या श्रोत्याला दासांचे पद झाल्याशिवाय मैफल पुरी झालीसे वाटत नाही. अपवाद आहे तो सोलापूर, अक्कलकोट, जत या सरहद्दीवरच्या तालुक्यांचा: तेथील कित्येक घरांत आजी कानडी पद म्हणते आणि नात मराठी अभंग, आणि आषाढीला पंढरपुरात कर्नाटकातून आलेल्या दिंड्यांचे कानडी भजन महाराष्ट्रातील वारकऱ्यांच्या टाळांवर सहज चालते.